देठ सोडून आखलेली पानं

शेपटी आहे, पण पळता येत नाही, असा मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो. बेळगावच्या दुकानातून खोक्यात बसून निपाणीला आलो, तेव्हा माझी पाठ काळीभोर, चकचकीत होती. पूर्णिमाताईंच्या संगणक केंद्रात आम्ही आठ भावंडं. माझ्या वाट्याला अक्काताई आल्या.

अक्काताईंनी जन्मभर विड्या वळल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला उचलून थेट पडद्यालाच टेकवलं!

"अक्का, टेबलावर ठेवा की ओ त्याला," पूर्णिमाताई हसून म्हणाल्या.

आमचं काम चिकाटीचं. पडद्यावर शेतातल्या तंबाखूचा फोटो यायचा. पानाच्या कडेकडेने टिंब देत रेघ ओढायची. पान कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, हे संगणकातलं यंत्र त्या रेघांवरून शिकायचं. म्हणजे पुढे त्याला पानावरचा रोग ओळखता येणार होता. एका पानाला शंभरेक टिचक्या लागत. पण अक्काताईंचा खरखरीत तळवा पाठीवर असला की मला थकवा म्हणून नसे.

त्यांची एकच खोड होती. त्या देठ गाळायच्या.

"अक्का, देठ ऱ्हायला की पुन्हा!" पूर्णिमाताई म्हणायच्या.

"अगं, विडीची पानं कातरायचा हात हाय माझा. देठ ठेवला तर विडी वळंल व्हय?"

सगळ्या बाया हसायच्या. सापडलेले देठ जोडले जायचे, बरेचसे तसेच सुटलेले यंत्राकडे जायचे.

मग आम्हाला काम देणाऱ्या कंपनीला इतक्या रेघा परवडेनात. यंत्र आता पुरेसं शिकलं होतं. पानाच्या मध्यावर एक टिंब दिलं की कड ते स्वतःच आखायचं, आणि ज्या पानाची शंका येईल तेवढंच माणसाला दाखवायचं. शंभर टिचक्यांची एक झाली, आठ खुर्च्यांची एक. अक्काताई घरी गेल्या आणि मी पूर्णिमाताईंकडे उरलो. त्यांचाही हात मायेचा आहे, खोटं कशाला बोलू? पण जिन्यात चपला वाजल्या की मला वाटायचं, अक्काताईच आल्या.

एका दुपारी पूर्णिमाताई कपाळाला हात लावून बसल्या. यंत्र देठ सोडून पानं आखत होतं, तेही बेधडक. देठाशी कुजलेली पानं त्याला निरोगी वाटत होती. त्यांनी अक्काताईंना बोलावून घेतलं.

अक्काताईंनी पडदा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "ह्यो तर माझाच हात की गं!" मग हळूच म्हणाल्या, "मला घरी धाडलंस, आन् माझी चूक तेवढी ठिवून घेतलीस व्हय?"

पूर्णिमाताईंनी खुर्ची ओढून दिली.

दोन दिवस अक्काताई देठ जोडत होत्या. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. तरी प्रत्येक टिचकीला मी मनात म्हणत होतो, एखादा देठ राहू द्या, अक्का, म्हणजे पुन्हा बोलावणं येईल. त्यांनी एकही सोडला नाही. तिसऱ्या दिवशी यंत्र देठासकट पान आखू लागलं. "बरं हाय रं," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि त्या उठल्या.

आता त्या रेघांत त्यांचा हात कुठेच दिसत नाही.

मित्रांनो, यंत्राने सुबक रेघ आखली, की ती त्याला कुणी शिकवली हे एकदा तरी विचारा. आणि मला पुसायला घ्याल तेव्हा डावीकडची झिजलेली जागा घासू नका. अक्काताईंचा अंगठा तिथे असायचा.