गजकचे नऊ दिवस

चोवीस डिसेंबरला शाळेला सुट्टी लागली. त्या दुपारी निवेदिता टेंबेने ग्वाल्हेरमधल्या मुरारच्या शाळेतल्या सायन्स लॅबला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आत खिडकीखालच्या पिंजऱ्यात गजक होती.

गजक म्हणजे एक गिनीपिग. अंगाने भुरी, पाठीवर तिळासारखे ठिपके, म्हणून इकडच्या तीळ-गुळाच्या मिठाईचं हे नाव. पाचवीतल्या गरिमाने ते ठेवलं होतं. गरिमाचे वडील फौजेत; ऑगस्टमध्ये त्यांची बदली तेजपूरला झाली. तीन दिवसांच्या प्रवासात हा जीव कसा न्यायचा, म्हणून गरिमा आईबरोबर पिंजरा घेऊनच शाळेत आली. रडून डोळे लाल झालेले. "मॅम, आप रखोगी ना? प्रॉमिस?" तिने विचारलं, आणि निवेदिताने सगळ्या वर्गादेखत प्रॉमिस केलं.

पहिले दोन महिने वर्गाला गजकशिवाय काही सुचत नव्हतं. कुणी काकडी आणायचं, कुणी कोथिंबिरीची काडी. दिवाळीनंतर हळूहळू ते ओसरलं. भिंतीवर कुणाची पाळी कधी याचा तक्ता लटकत राहिला, पण पाळीला कुणी येईना. निवेदिता जातायेता बाजारातले सुके दाणे मूठभर टाकायची, पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरायची. पोट तर भरतंय ना, असं तिला वाटायचं.

सुट्टीत गजकला घरी न्यायचं तिनेच स्टाफरूममध्ये जाहीर केलं होतं. गेटवरच्या सूर्याजी खराड्यांनाही सांगितलं होतं. सूर्याजी शाळेचे चौकीदार, साठीला टेकलेले. त्यांचे आजे-पणजे शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, निवेदिताच्या सासरचे दरबारात कारकून म्हणून. अख्ख्या शाळेत मराठी बोलणारी माणसं ही दोनच. बाकी सगळ्या शिक्षिकांना ते मॅडम म्हणत, निवेदिताला तेवढं बाईसाहेब.

"आज नेणार ना बाईसाहेब तुमच्या पाहुणीला?" त्यांनी त्या दुपारीही विचारलं.

"हो हो, आता टोपली घेऊन येते," ती म्हणाली.

लॅबला कुलूप घालून ती टोपली आणायला स्टाफरूमकडे वळली, आणि तेवढ्यात नवऱ्याचा, राघवचा फोन आला. चारची गाडी होती, इंदूरला बहिणीकडे जायचं होतं, आणि ती अजून मुरारमध्येच! निवेदिता तशीच मागच्या फाटकाने धावत निघाली, टेंपोत बसली, लष्कर भागातल्या घरी पोचली, बॅगा उचलल्या. टोपली स्टाफरूममध्येच राहिली.

इथवर जे झालं ते विसरणं होतं.

चौथ्या दिवशी इंदूरला, बहिणीच्या गच्चीवर उन्हात बसून, तिने हाताला लावायचं क्रीम शोधायला पर्समध्ये हात घातला आणि बोटांना किल्ली लागली. तिने मोबाइल काढला, सूर्याजींचा नंबरही काढला. मग विचार सुरू झाले. काय सांगायचं? किल्ली माझ्याकडे आहे म्हणून? त्यांच्याकडे जुडग्यात दुसरी असतेच. फेरी मारताना त्यांनी पाहिलं असेल. पिंजऱ्याला टेकून भुशाचं पोतं आहे, दोन बाटल्या पाणी आहे. आणि प्राचार्य अंबरीश सरांच्या कानावर गेलं, तर स्टाफ मीटिंगमध्ये वर्षभर तेच ऐकावं लागेल. बहिणीने खालून हाक मारली, "ताई, कचोऱ्या निवतायत गं!" निवेदिताने किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवली, चेन ओढली आणि खाली गेली.

त्यानंतर पाच दिवस ती इंदूरलाच होती.

दोन जानेवारीला ती परतली, ती सकाळीच तडक शाळेत गेली. ग्वाल्हेरला कडाक्याची थंडी पडली होती, समोरचं फाटक धुक्यात दिसत नव्हतं. थंडीमुळे कलेक्टरांनी शाळांची सुट्टी वाढवली होती. ऑफिस तेवढं उघडं होतं. सूर्याजींनी तिला पाहिलं, तिच्या हातातली किल्ली पाहिली, आणि ते तिच्यामागून लॅबपर्यंत आले.

आत मुताचा उग्र वास कोंडला होता. बाटल्या कोरड्या. गजांतून ओढून ओढून भुसा खाल्ल्याने पोत्याला भोक पडलेलं. गजक कोपऱ्यात ओल्या कागदांवर कुशीवर पडली होती. निवेदिताने हात लावला तर तिने उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय हलले, मागचे हललेच नाहीत.

"बाईसाहेब, तुम्ही तर त्या दिवशी..." सूर्याजी म्हणाले आणि थांबले, कारण दारात अंबरीश सर उभे होते.

सरांनी पिंजरा पाहिला, नाकाला रुमाल लावला आणि चौकीदाराकडे वळले. "चाबियों का गुच्छा किसके पास रहता है? राउंड पर क्या करते हो तुम?"

सूर्याजी निवेदिताकडे पाहत होते. फार वेळ नाही, एखादा श्वास घेण्याइतका. निवेदिता गजकला शालीत गुंडाळत होती. ती गुंडाळतच राहिली.

"आवाज आया था साहब," शेवटी सूर्याजी म्हणाले. "हम चूहा समझे."

जनावरांच्या डॉक्टर सोनिका तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गजकचे सुजलेले सांधे दाबून पाहिले, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, मुताने सोललेले तळवे पुसले.

"हरी चीज़ क्या देते थे?"

"नऊ दिवस बंद राहिली होती," निवेदिताने हिंदीत सांगितलं. "सुट्टीत."

"ये नौ दिन का नहीं है मॅम. इनके शरीर में विटामिन सी बनता नहीं, रोज़ देना पड़ता है. इसे महीने-डेढ़ महीने से नहीं मिला."

निवेदिताला बसावंसं वाटलं, पण खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर डॉक्टर बसल्या होत्या.

घरी सासऱ्यांनी, नानांनी आपली जुनी बंडी पिंजऱ्यात अंथरली. गरम पाण्याची पिशवी, बिनसुईची सिरिंज, औषधाचे थेंब, आवळ्याचा रस. दाणे भिजवून, वाटून, दर तीन तासांनी थोडेथोडे तोंडाच्या कडेने घालायचे. पहिल्या दिवशी गजकने अर्धं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी गिळलं. निवेदिता तिला मांडीवर घेऊन तळव्यांना मलम लावी तेव्हा ती दुखून बारीक शीळ घातल्यासारखी ओरडे, आणि लॅबच्या बंद दाराआड हीच शीळ किती वेळा वाजली असेल, हे मनात आल्यावाचून राहत नसे. नाना पेरूच्या नखाएवढ्या फोडी करून देत. शेजारच्यांना सांगत, "आमच्या सुनेने जीव वाचवला हो! त्या चौकीदाराने मारायचाच बाकी ठेवला होता." ते ऐकलं की निवेदिता उठून स्वयंपाकघरात जाई.

पाचव्या दिवशी शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर तिचा फोटो झळकला. मांडीवर गजक, खाली मजकूर: आमच्या निवेदिता मॅडमची माया. दोनशे लोकांनी हृदयाची चिन्हं टाकली. त्याच दिवशी स्टाफच्या ग्रुपवर कळलं, की सूर्याजींना फूलबागेजवळ शाळेची नवी इमारत बांधतायत तिथे पाठवलंय. तिथे अजून चौकीही नव्हती.

तिने अंबरीश सरांना फोन लावायचं ठरवलं. उद्या, म्हणून ठरवलं. मग गजकला जुलाब लागले आणि उद्याचा परवा झाला. कारण खरं होतं, म्हणून ते जास्तच सोयीचं होतं.

रविवारी तेजपूरहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गरिमा, केस ओले, मागे आई.

"मॅम! मम्मा ने फ़ोटो दिखाई. दिखाओ ना गजक को!"

निवेदिताने मोबाइल खाली धरला. गजक पुढच्या पायांवर सरकत पेरूच्या फोडीपर्यंत आली.

"ये ऐसे क्यों चल रही है?"

"पायांना दुखतंय तिच्या," निवेदिता चुकून मराठीत बोलली, मग हिंदीत म्हणाली.

"वो गेट वाले अंकल कितने गंदे हैं," गरिमा म्हणाली. "आप नहीं आतीं तो ये मर जाती. थँक यू मॅम."

निवेदिताने मोबाइल पुन्हा स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला. मग म्हणाली, "गरिमा, अंकल ने कुछ नहीं किया. मैं इसे घर ले जाने वाली थी. ताला मैंने लगाया, और चली गई."

"भूल गईं आप?"

हो म्हणणं सोपं होतं. मुलगी आपणहून पळवाट दाखवत होती.

"पहले भूल गई थी. फिर चौथे दिन याद आया. तब भी मैंने फ़ोन नहीं किया."

गरिमाच्या चेहऱ्यावर आधी न कळल्याचा भाव आला, मग कळल्याचा. तिने आईकडे वळून पाहिलं. "आपने प्रॉमिस किया था," ती हळूच म्हणाली आणि पडदा काळा झाला.

नाना दाराशी पेरूची बशी घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"राघवने घाई केली म्हणून झालं ते," ते म्हणाले. "गाडीची वेळ होती."

"नाही नाना. इंदूरला कुठे होती गाडीची वेळ?"

नानांनी बशी खाली ठेवली आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

अंबरीश सरांना ती सोमवारी भेटली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अब छोड़िए," ते म्हणाले. "बात ठंडी हो गई है. फोटो पे कितना अच्छा रिस्पॉन्स आया. आपका भी नाम है, स्कूल का भी."

ती घरी आली आणि जसं घडलं तसं लिहून तिने स्टाफच्या ग्रुपवर टाकलं. किल्ली कुणाकडे होती, आठवण केव्हा झाली, लॅबमध्ये गप्प कोण राहिलं. खाली कुणी काहीच लिहिलं नाही. तासाभराने एका बाईने दुसऱ्या दिवशीच्या बसची वेळ विचारली, आणि सगळ्यांनी तिला उत्तर दिलं.

मग ती फूलबागेला गेली. अर्धवट भिंतींमध्ये ताडपत्री बांधून सूर्याजी शेकोटीशी बसले होते. तिला पाहून ते उठले. बसायला वीट पुढे केली.

"मी सगळं सांगितलं सगळ्यांना," ती उभ्यानेच म्हणाली. "फार उशिरा सांगितलं. तुमची माफी मागायला आले."

"किल्ली पाहिली होती मी तुमच्या हातात."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकणार होतं? आणि वाटलं, तुम्ही बोलाल. त्या वेळी नाही तर संध्याकाळी बोलाल. दोन दिवस मी फोन जवळ ठेवून होतो बरं का. सर बोलावतील म्हणून." त्यांनी काटकीने निखारे सारखे केले. "खुडखुड ऐकली होती मी, ते खोटं नाही. उठून बघायला हवं होतं. माझी चूक माझ्याजवळ आहे. पण ती वेगळी, ही वेगळी."

"हो," निवेदिता म्हणाली.

"जगली का ती?"

"जगली. मागचा एक पाय ओढते."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात वाळूचा ट्रक आला आणि ते फाटक उघडायला गेले. ती थोडा वेळ थांबली. ते ट्रकवाल्याशीच बोलत राहिले, तेव्हा ती निघाली.

आठवड्याभराने शाळेच्या पानावरचा फोटो गुपचूप निघाला. फेब्रुवारीत सूर्याजी मुरारच्या गेटवर परतले. अंबरीश सरांना उपरती झाली की नव्या इमारतीला एजन्सीचे चौकीदार मिळाले, हे निवेदिताला कळलं नाही. पहिल्या सकाळी ती गेटमधून आत शिरली तेव्हा सूर्याजींनी रीतसर सलाम केला. "गुड मॉर्निंग, मॅडम."

"नमस्कार," ती म्हणाली.

गजक आता तिच्याकडेच असते. सूज उतरली, गळलेले केस परत आले. निवेदिता दर रविवारी तिचा छोटासा व्हिडिओ काढून गरिमाच्या आईच्या नंबरवर पाठवते, सोबत एक अक्षरही न लिहिता. दोन निळ्या खुणा उमटतात. पाच रविवार फक्त खुणाच उमटल्या.

सहाव्या रविवारी उत्तर आलं. शब्द मुलीचेच होते.

"रोज़ पालक मत दो. हर वीडियो में पालक है. पथरी होती है. हफ़्ते में एक बार बस."

निवेदिताने ते दोनदा वाचलं. मग पिंजऱ्याचं दार उघडून तिने बशीतली पालकाची पानं एकेक करून काढून घेतली. गजक शेवटच्या पानाचं देठ सोडेना, तेव्हा ते तिने हळूच ओढून काढलं आणि नानांना हाक मारली, "नाना, बाजारात जाताय ना? थोडी कोथिंबीर आणा."