बटणाचा कानोसा

गेल्या पोळ्याला झुंबरआत्यांचा बैल पोट फुगून मेला आणि माझे आण्णा गावात खोटे ठरले.

आण्णा म्हणजे माझे वडील, बिभीषण. सोनईजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीकडून जनावरांवर उपचार करतात. फोन कोणाचा आधी आला यावरून भांडणं होत, म्हणून सोसायटीने एक वेब पेज केलं. मोबाईलवर उघडायचं, 'जनावर आजारी' हे बटण दाबायचं, बरोबरची हिरवी खूण आली की समजायचं, निरोप गेला. इकडे आण्णांच्या मोबाईलवर घंटा वाजते. पोळ्याला तर लोक मायेने बैलांना इतक्या पुरणपोळ्या चारतात की कोणाचं ना कोणाचं पोट फुगणारच. त्या दिवशी आण्णा सकाळपासून पिशवी भरून बसले होते. घंटा वाजलीच नाही.

झुंबरआत्या चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "म्या बटन दाबलं. हिरवी खून आली. वाट बगत बसले. ह्यो घरी पोळ्या हाणत आसंल."

"आक्का, मला निरोप आलाच न्हाई," आण्णा म्हणाले.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे बटण दाबून दाखवलं. पोळा होऊन दोन दिवस झाले होते. आण्णांचा मोबाईल लगेच खणखणला. झालं, निकाल लागला. मग लोक त्यांना गोठ्यात घेईनात, दुसरा डॉक्टर बोलावू लागले. आण्णा ओट्यावर बसून पिशवीची चेन उघडझाक करत राहायचे. मला ते बघवत नव्हतं. राग यायचा, गावाचा आणि त्याहून जास्त त्या बटणाचा.

मी संगमनेरला एका छोट्या कंपनीत वेब पेजच बनवते. मला माहीत होतं की बटण स्वतः काही करत नसतं. त्याला कान लावून कोडचे तुकडे बसलेले असतात, त्यांना हँडलर म्हणतात. बटण दाबलं की एक निरोप पाठवतो, एक खूण दाखवतो. पंचाईत अशी, की काही हँडलर बटणावर बसतात, काही भोवतीच्या चौकटीवर, काही अख्ख्या पेजवर. आणि पेजलाच विचारावं, बाबा रे, तुझ्यात कोण कोण ऐकतंय, तर तशी सरळ सोय नाही. ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत यादी दिसते, पण इथे यादीतलं प्रत्येक नाव एकाच जुन्या अगडबंब फाईलकडे बोट दाखवत होतं, कोणाचं काय ते कळेना. त्यात सोसायटीची रीत न्यारी. नवा माणूस आला की जुन्याच्या कामाला हात लावायचा नाही, वरून आपलं चिकटवायचं. एक अध्यक्षांचा भाचा, दुसरा सेक्रेटरींचा साडू. दुखवायचं कोणाला?

मग मी स्वतःच एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही पेजला जोडता येईल असं कोडचं गाठोडं, लिहायला घेतली. नाव ठेवलं 'कानोसा'. पेजच्या आधी ती जागी होते आणि कान लावायला जो येईल त्याचं नावगाव लिहून घेते, मगच आत सोडते. लग्नाच्या मांडवात दाराशी आहेर लिहून घेणारा बसतो, तशी. पहिल्या खेपेला निम्मे हँडलर निसटले. दुसऱ्या खेपेला पेजच बंद पडलं.

"रुपाली, सोड गं आता," शेजारच्या टेबलावरची अफ्रीन म्हणाली. "एका बटणासाठी डोकं फिरवून घेशील."

"फिरू दे," मी म्हटलं. "सोडणार नाही."

सोडलं नाही. पुन्हा लिहिली, पुन्हा मोडली, पुन्हा लिहिली. आणि एका दुपारी कानोसाने नावं ओकली. निरोपवाला होता, खुणेवाला होता, आणि त्या दोघांच्याही आधी, अख्ख्या पेजवर, एक पाहुणा बसला होता. अध्यक्षांच्या भाच्याने, सुनीलने, गेल्या पोळ्याच्या तोंडावर चिकटवलेला. तारीख पोळ्याची असेल तर बटण दाबताच सजवलेल्या बैलाचं चित्र दाखव, शुभेच्छा दे, आणि मागच्या सगळ्या हँडलरना थांबव. वर त्याने कौतुकाने लिहून ठेवलं होतं, 'आज बैलांना सुट्टी!' मी रडले की ओरडले, आठवत नाही. अफ्रीनने पाणी आणून दिलं.

सेक्रेटरी म्हणाले, "सापडलं ना? गुपचूप काढून टाकू. पोरगं हौशी आहे, गाजावाजा कशाला?"

"आण्णांना खोटं पाडलं ते चावडीवर," मी म्हटलं. "आता हेही चावडीवरच."

लोक जमले. मी पेज उघडलं, मोबाईलची तारीख गेल्या पोळ्यावर नेली आणि तो झुंबरआत्यांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं. बैल आला, झूल पांघरलेला, शिंगांना बेगड लावलेला. खाली 'पोळ्याच्या शुभेच्छा' आणि त्यापुढे हिरवी खूण. आण्णांचा मोबाईल शेजारी गप्प पडून होता.

आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी चित्रातल्या बैलावर बोट ठेवलं.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच आलं हुतं. मला वाटलं, बैल दिसला म्हंजी माज्या बैलाचा निरोप पोचला." मग आण्णांकडे वळल्या. "बिभीषणा, मी खोटं बोलले न्हाई रं. पर तूबी न्हाई."

आण्णांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी सुनीलचा तो तुकडा पेजवरून निघाला.

यंदाच्या पोळ्याला आण्णा जेवायला बसले आणि घंटा वाजली. पडद्यावर नाव झुंबरआत्यांचं. ताट तसंच टाकून ते पिशवी घेऊन पळाले, मी त्यांच्या मागे. गोठ्यात आत्यांचा उरलेला बैल सजून उभा होता. त्याच्या शेजारी, मेलेल्याच्या दावणीला, मातीचा बैल ठेवला होता, त्यालाही हळदकुंकू लावलेलं. आण्णांनी घाईघाईने बैलाच्या पोटावर थापटून पाहिलं. तो मजेत रवंथ करत होता.

"आक्का, काय झालंय ह्याला?"

"कायबी न्हाई." आत्यांचे डोळे भरून आले. "बगत हुते, बटन दाबल्यावं तू येतूस का. बस, पोळी खा."

आण्णांनी पिशवी खाली ठेवली. आधी ते मातीच्या बैलाच्या पाया पडले, मग पाटावर बसले.