हरल्याची खात्री

डर्व्हलाने शेवटचे चार हात जीव तोडून मारले आणि शिडीची लोखंडी पायरी पकडायला झेप घेतली, तर पायरीवर आधीच एक सुरकुतलेला हात होता.

तो अ‍ॅट्रॅक्टा लव्हेलबाईंचा होता. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला फुलाफुलांची रबरी टोपी, ओठ थंडीने निळे. दोघी शिडीला लटकून धापा टाकत होत्या आणि वर धक्क्यावर अख्खं गाव टाळ्या पिटत होतं.

आयर्लंडमधल्या क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या या गावात दर ऑगस्टात खाडी पार करायची शर्यत होते. जो जितका संथ, तो तितका आधी पाण्यात उतरतो. कोणाला किती आघाडी द्यायची ते मॉसी हेहिर ठरवतो, आणि त्यापायी निम्मं गाव नाताळपर्यंत त्याच्याशी अबोला धरतं. यंदा अ‍ॅट्रॅक्टाबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि डर्व्हला सगळ्यांच्या शेवटी. डर्व्हला कॉनीली गावचीच. पण तिचं पोहणं झालं ते लिमरिक शहरातल्या बांधीव तलावात. युरोपात तिने दोन पदकं मिळवली होती, ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत ती पोहली होती, आणि चौकातल्या खाटकाच्या दुकानावर तिचा भलामोठा फोटो लावलेला होता. घरच्या खाडीत मात्र ती आज पहिल्यांदाच शर्यतीला उतरली होती.

अ‍ॅट्रॅक्टाबाईंचं गावात औषधांचं दुकान होतं. आता ते त्यांची सून चालवते. बायकांना या शर्यतीत घ्यावं म्हणून तरुणपणी त्या समितीशी भांडल्या होत्या. घेतल्यावर एकही वर्ष त्यांनी चुकवलं नाही, पण जिंकल्या कधीच नव्हत्या. त्यामुळे मॉसीने त्यांच्या हातात चषक दिला तेव्हा दोनतीन जणांनी चक्क डोळे पुसले.

मग सगळे डर्व्हलाकडे वळले.

केवढं मोठं मन पोरीचं, असं पाद्रीबाबा म्हणाले. खाटकाने तिचा हात दाबला आणि डोळा मिचकावला. डर्व्हलाला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तिने सांगितलं, की आपण मुद्दाम मागे राहिलो नाही. तलावाच्या तळाला काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवून सरळ जाता येतं. इथे खाली नुसता हिरवा काळोख. ती थेट खडकांकडे निघाली होती. बचावाच्या होडीतल्या माणसाने वल्ह्याने पाणी बडवून तिला परत वळवलं. दोनदा.

लोक पोट धरून हसले. मॉसी म्हणाला, "ऐकलंत? ऑलिम्पिकवाली खाडीत वाट चुकली म्हणे. देवा, खोटं तरी पचेल असं बोल गं."

ती जितकं सांगत गेली, तितकी तिच्या विनयाची वाहवा होत गेली. होडीतल्या माणसाला साक्षीला बोलावलं, तर तो म्हणाला, हो, वळवलं की. पण अशा पोरी नाटकंही झकास करतात.

संध्याकाळी पबमध्ये गाणी झाली, खेकड्यांची सँडविचं झाली. अ‍ॅट्रॅक्टाबाई लवकरच उठल्या. त्या गेल्यावर डर्व्हलाने पाहिलं, चषक टेबलावरच होता, रिकाम्या ग्लासांच्या गर्दीत.

दुसऱ्या दिवशी हर्लिंगचा, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचा, मोठा सामना होता, क्लेअर विरुद्ध टिपरेरी. गावातलं एकूणएक माणूस टीव्हीसमोर. डर्व्हला चषक घेऊन बाईंच्या दारात उभी राहिली तेव्हा त्या अंगणात टॉवेल वाळत घालत होत्या.

"चषक विसरलात, मिसेस लव्हेल."

"विसरले नाही. ठेवून आले." बाईंनी चिमटा लावला. "तुझा राग नाही हो. तू चांगल्या मनानेच केलंस. पण माझ्या वाट्याला असला चषक नको."

"मी काहीही केलं नाही. हरले."

"कालपासून तेच म्हणतेयस."

डर्व्हलाने चषक उंबऱ्यावर ठेवला. मग तिने विचारलं, आत्ता येता का? आपण दोघीच. तीच आघाडी, तीच वाट, बघायला कुणी नाही.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख दोरीवरून पुन्हा ओढून काढला. तो अजून ओलाच होता.

शर्यत सुटते त्या पलीकडच्या काठावर एक कुत्रा तेवढा होता. बाईंनी आपलं घड्याळ डर्व्हलाच्या हातात दिलं, क्रूसाची खूण केली आणि पाण्यात उतरल्या. फुलांची टोपी खडकांच्या कडेकडेने हळूहळू लहान होत गेली. डर्व्हला वेळ होईपर्यंत थांबली. घड्याळ दगडावर ठेवून तिने सूर मारला.

या खेपेला तिने रात्रभर विचार करून ठेवला होता. दर काही हातांनंतर डोकं वर काढायचं, धक्क्यामागचा पांढरा बंगला बघायचा, पुन्हा पोहायचं. खडकांकडे ती गेली नाही. वाटेतल्या तरंगत्या बोयाला बरोबर वळसा घातला. पण खाडीच्या मध्यावर, जिथे नदीचं पाणी येऊन मिळतं, तिथे प्रवाहाने तिला अलगद बाजूला नेलं, आणि डोकं वर काढलं तर बंगल्याऐवजी समोर गाई चरत होत्या. ती वळली. छातीत जाळ उठला तरी हात थांबवले नाहीत. फुलांची टोपी आता दिसत होती, मग अगदी जवळ आली, मग बाईंच्या पायांचा फेस तिच्या तोंडावर उडाला. तिने हात लांबवला.

तो पायरीवर न पडता बाईंच्या बोटांवर पडला.

डर्व्हलाने मूठ वळून पाण्यावर आपटली. मग तिच्या तोंडून जी शिवी निघाली, ती तिने लिमरिकच्या तलावावर शिकलेली होती. तिच्यात मॉसी हेहिर, नदी, गाई आणि एक संत एवढे सगळे आले. एक देऊन भागेना, म्हणून तिने दुसरी दिली.

अ‍ॅट्रॅक्टाबाई शिडीला धरून ऐकत होत्या. दुकानात उभ्या आयुष्यात असं बोलणं त्यांनी खपवून घेतलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळत गेला. शेवटी त्या इतक्या हसल्या की पाणी नाकात गेलं.

"अगंबाई," त्या खोकत म्हणाल्या, "खरंच हरलीस की गं तू."

डर्व्हला हसली नाही. ती मागे वळून नदीच्या मुखाकडे बघत होती, डोळे बारीक करून.

"उद्या येता?"

"उद्या नाही जमायचं. एनिसला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"किती वाजता?"