हिशेबनीसाची जागा

"बसू दे त्यांना बाहेरच," असं म्हणत तिने अर्ज टेबलावर पालथा घातला.

"ताई, दहाचे आलेत ते. आता साडेबारा झाले," वहिनी म्हणाली. "वयस्कर माणूस आहे. चहा तरी नेऊन देते."

"नको."

वहिनी मशीनकडे परत गेली. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा हा छोटा कारखाना दोघी नणंद-भावजयांनी मिळून उभा केला होता. काम वाढलं, करखात्याच्या नोटिसा येऊ लागल्या, तेव्हा शिकलेला, अनुभवी हिशेबनीस हवा अशी जाहिरात दिली. अकरा अर्ज आले. दहावा उघडताच तिला अक्षर ओळखू आलं. डावीकडे कललेलं, मोत्यासारखं. तेवीस वर्षांपूर्वी तिच्या बडतर्फीचा कागद याच अक्षरात लिहिलेला होता.

तेव्हा ती एका कंपनीत कारकून होती आणि आता बाहेर बसलेले हे साहेब तिथले मुख्य हिशेबनीस. एका मोठ्या रकमेत चूक निघाली. ती कुणाची, हे साहेबांना ठाऊक होतं आणि तिलाही. साहेबांनी तिला सगळ्या ऑफिससमोर उभं करून विचारलं होतं, "घरच्यांनी हेच शिकवलं का?" वडिलांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढे ते वारले, तेही संशय मनात घेऊनच.

एक वाजता तिने साहेबांना आत बोलावलं. बसा म्हटलं नाही.

साहेब वाळून अर्धे झाले होते. शर्टाची झिजलेली कॉलर उलटून शिवलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळखीचं काहीच डोळ्यांत उमटलं नाही. तिने गेल्या वर्षाच्या वह्या पुढे सरकवल्या.

"यातल्या चुका काढा."

उभ्याउभ्याच त्यांनी पानं उलटली. मध्येच एकदा पाय बदलला, तेवढंच.

"चार आहेत, मॅडम. तीन मुद्दाम घातलेल्या दिसतात. चौथी मात्र खरी. एक कर तुम्ही दोनदा भरलाय."

ती चौथी तिलाही माहीत नव्हती. माणूस अजून इतका तल्लख असावा, याचाच तिला राग आला.

"जुन्या कंपनीचं शिफारसपत्र?"

"कंपनी बुडाली. माझा फंडही तिच्याबरोबर गेला."

"मग हाताखालच्या कुणाचं तरी आणा. दोन ओळी चांगल्या लिहून देईलच की कुणी."

साहेबांनी वही मिटली.

"नाही देणार."

"का?"

"एक मुलगी होती हाताखाली. माझी चूक मी तिच्या गळ्यात मारली. सगळ्यांना कळलं होतं, तोंडावर कुणी बोललं नाही. पण त्यानंतर माझ्या शेजारी टेबल लावून घ्यायला कुणी तयार होईना."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाव काय तिचं?"

साहेबांनी कपाळ चोळलं. खरोखरच आठवून पाहिलं.

"नाही आठवत."

तेवीस वर्षं घोकलेली वाक्यं तिच्या ओठांशी आली आणि तिथेच थांबली. तिने खणातून नेमणुकीचं पत्र काढलं, सही केली, सहीखाली माहेरच्या आडनावासकट आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

साहेब वाचत खाली आले. शेवटच्या ओळीवर नजर अडकली. त्यांनी टेबलाची कड धरली.

"हे सगळं माहीत असून ठेवताय मला?"

"माहीत आहे म्हणून."

ते दाराकडे बघत राहिले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"किती वाजता यायचं?"

"नऊ. उशीर चालत नाही."

ते गेल्यावर वहिनी हात पुसत आत आली.

"ठेवलंत ना? बरं केलंत. पुण्य लागेल."

"धर ही बाजू," ती म्हणाली.

दोघींनी कोपऱ्यातलं रिकामं टेबल तिच्या खुर्चीसमोर ओढत आणलं.

"भिंतीकडे तोंड करून लावू या," वहिनी म्हणाली. "कामात लक्ष राहील त्यांचं."

"नको. माझ्या समोर. मान वर केली की मीच दिसले पाहिजे."

वहिनीने टेबलाकडे पाहिलं, मग तिच्या खुर्चीकडे.

"मग तुम्हालाही दिवसभर त्यांचंच तोंड बघावं लागेल की, ताई."

तिचा हात टेबलावरच राहिला. बाहेर मशीन चालू होतं.

"राहू दे इथेच," ती म्हणाली, पण टेबल सोडलं नाही.