मागच्या खिशातली पुरवणी

सार्वजनिक कायदा ग्रंथालयात दोन प्रकारची माणसं येतात: वकिलाला द्यायला ज्यांच्याकडे पैसा नाही ती, आणि ज्यांच्या हातून पैसा सुटत नाही ती. ग्रंथपालबाईंना पहिल्यांची कीव यायची, दुसऱ्यांची किळस. त्या दिवशी दुसऱ्या प्रकारातला जो अवतरला, तो त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता.

दादांचा गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा जोरात होता, पण चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हे व्रत त्यांनी कधी मोडलं नव्हतं. वडील जाताना घर त्यांच्या नावावर करून गेले. त्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं बाई करायच्या, आणि दादा फोनवरून, म्हणजे उंटावरून, शेळ्या हाकायचे.

"घर विकायचंय," टेबलावर किल्ल्या आपटत दादा म्हणाले. "आत राहणाऱ्या नातेवाइकांना बाहेर कसं काढतात, ते पुस्तक दे."

"नातेवाईक म्हणजे आई आणि मी."

"पुस्तकात नावं नसतात. दे."

मागेल त्याला पुस्तक द्यायचं आणि सल्ला कुणालाच द्यायचा नाही, हा तिथला नियम. बाईंनी घरमालकीच्या कायद्याचा जाडजूड खंड आणून ठेवला. दादांनी बोटाला थुंकी लावत पानं उलटली. अखेर कलम सापडलं: घरात राहणाऱ्या नातलगाला मालकाने दोन वर्षांची मुदत द्यावी.

"दोन वर्षं? याचा अर्थ काय?"

"अर्थ आम्ही सांगत नाही."

"मग पगार कशाचा घेतेस?"

"पुस्तकं जागेवर ठेवायचा."

अशा खंडांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा असतो. कायदा बदलला की बदलाची पातळ पुरवणी त्यात घालतात. या खंडाची पुरवणी बाईंनीच मागच्या आठवड्यात घातली होती, आणि घालताना वाचलीही होती. दोन वर्षांची मुदत आता तीन महिन्यांवर आली होती. आई फार तर वर्षभर काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला तिच्याच खाटेवर शेवटचे दिवस काढू द्यावेत, एवढंच बाईंना हवं होतं.

गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पुरवणी बघा, हे त्या प्रत्येक वाचकाला सांगत आल्या होत्या. भावापुरतं तेवढं वाक्य गिळायचं, म्हणजे त्याच्याच पंगतीला जाऊन बसायचं.

"मागच्या खिशात पुरवणी आहे," त्या म्हणाल्या. "ती वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये." बोलताना आवाज कापला, आणि त्याचा त्यांना संताप आला.

दादांनी तो कापरा आवाज बरोबर टिपला. आपल्यावरून जग ओळखावं, ही त्यांची जन्माची रीत. पुरवणी बाहेर काढून त्यांनी ती न उघडताच टेबलावर टाकली.

"बारीक अक्षरात मला गुंतवायचं, आणि हे कलम राहिलं बाजूला. दूधखुळा समजतेस मला?"

"वाच, दादा."

"तू सांगतेस म्हणजे तर नाहीच वाचणार."

तिथेच, ग्रंथालयाच्या कागदावर, ग्रंथालयाच्या पेनाने त्यांनी दोन वर्षांच्या मुदतीची नोटीस लिहिली, बहिणीच्या हातात कोंबली आणि पेन खिशात घालून निघून गेले. बाईंनी पुरवणी पुन्हा खंडाच्या खिशात सरकवली आणि खंड फळीवर ठेवला.

संध्याकाळी आईला पेज भरवताना त्या म्हणाल्या, "दादा आला होता."

"काय म्हणाला?"

"अजून दोन वर्षं खुशाल राहा म्हणाला."

आईचा चेहरा उजळला. "बघ. तू उगाच नावं ठेवतेस त्याला. पोटात माया आहे त्याच्या."

"आहे तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा चमचा भरला.