मागच्या बाकावर न बसलेला मालक

“आधी मागं बसून बघा, मग पुढं. आणि उभ्या गाडीत नाही हां, चालत्या गाडीत.”

मित्रांनो, हा आवाज एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा. शोरूमच्या मागच्या दारात उभे राहून, तेलकट फडक्याला हात पुसत ते हे बोलले होते. त्याला बारा वर्षे झाली, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी एक जुनी रिक्षा आहे. चाके तीन, दिवे दोन, त्यातला एक जरा तिरळा. माझी गोष्ट काही मोठी नाही. पण ती सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही, कारण तिच्यात थोडा दोष माझाही आहे.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही शेकडो बहिणी निघालो. नाकीडोळी सगळ्या सारख्या. पत्रा वाकवला, सांधा जोडला, रंगाची आंघोळ घातली आणि एका लांबलचक ट्रकवर चढवून शोरूमला पाठवले. तिथे गेल्यावर कळले की लेकी सारख्या असल्या तरी प्रत्येकीवर चढणारा साज वेगळा असतो आणि पुढचे सगळे आयुष्य त्या साजावर ठरते.

एके सकाळी माझे मालक आले. सोबत त्यांची मोठी बहीण आणि सात वर्षांची लेक. आई गेल्यावर या ताईंनीच मालकांना वाढवले होते. त्या पुस्तके बांधायच्या कारखान्यात कामाला होत्या. दिवसभर खाली वाकून पानांच्या घड्या शिवायच्या. अंगाने अगदी काटकुळ्या, पण भावाच्या रिक्षेचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

“साहेब, लांब मॉडेल घ्या,” शोरूममधला टायवाला म्हणाला. “आठ माणसं आरामात.”

“आमच्या गल्लीचं वळण बघितलंय का तुम्ही?” मालक म्हणाले. “तुमचं लांब मॉडेल वळेपर्यंत पुढचं चाक शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाईल.”

म्हणून आखूड मॉडेल ठरले. म्हणजे मी. आता उरला साज. माझ्यासारखीवर दोन साज चढवता येत होते. पुढच्या साजात चालकाची जाड गादी, तिला पाठ टेकायला उशी, चकचकीत आरसे, गाण्याचा स्पीकर आणि हँडलाशी निळे दिवे. मागच्या साजात खड्ड्यांचे धक्के झेलणारे नरम शॉकअप, जाड बाक आणि चढायला एक खालची पायरी. दिसायला त्यात काहीच नाही. दोन्ही साज घेणे मालकांच्या आवाक्यात नव्हते. एक निवडायचा होता.

तेव्हाच मिस्त्री मघाचे ते वाक्य बोलले. वर म्हणाले, “मागचा साज नाही घेतला तर हिला मालवाहू रिक्षेचेच ताठ शॉकअप राहतात. तीन माणसं बसली की दबतात, मग कळत नाही. एकटं हलकं माणूस बसलं की नुसतं आपटतं. बाहेर रस्ता उकरलेला आहे. एक चक्कर मारून बघा मागं बसून.”

मालक म्हणाले, “अहो, मी मागं बसलो तर चालवणार कोण?”

सगळे हसले. टायवाला हसला, ताई हसल्या, लेकीला काही कळले नाही तरी ती हसली. मिस्त्री तेवढे हसले नाहीत. त्यांनी फडके खांद्यावर टाकले आणि ते आत निघून गेले.

मालकांनी ताईंकडे पाहिले. “तू सांग ताई, काय घेऊ?”

“अरे, तुला दिवसभर पुढं बसायचंय,” ताई म्हणाल्या. “तुझ्या पाठीचं बघ. मागच्यांचं काय, बसले आणि उतरले.”

मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. आरसे आणि निळे दिवे मला हवेच होते. नरम शॉकअप कुणाला दिसतात? ते तर पोटाखाली असतात. मी मनातल्या मनात म्हटले, देवा, पुढचाच साज मिळू दे. देवाने ऐकले. कधीकधी तो आपले ऐकतो, ते आपल्याला शिकवण्यासाठीच, असे आता वाटते.

थांब्यावर पहिल्या दिवशी माझे फार कौतुक झाले. सगळे चालक गोळा झाले. एकाने गादी दाबून पाहिली, एकाने आरशात भांग नीट केला. “काय राजे, सिंहासनच आणलंत की!” असे कुणीतरी म्हणाले आणि त्या दिवसापासून मालकांचे नावच ‘राजे’ पडले. मालक मला रोज पुसत. आरसे कोरड्या कापडाने, दिवे ओल्या कापडाने. मागच्या बाकावरही फडके फिरवत, पण उभ्या उभ्या, बाहेरूनच.

रोजचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे ताई. मालक त्यांना घरून घेत आणि कारखान्याच्या फाटकाशी सोडत. वाटेत पाण्याच्या टाकीमागचा रस्ता लागे. तो सदाच उखडलेला. ताई उजव्या कडेला बसत, दांडी घट्ट धरत आणि येण्याआधीच घडी करून ठेवलेली शाल अंगाखाली सारत. एक खड्डा आला की त्यांचे हलके शरीर वर उडे आणि खाली आदळे. मिस्त्रींनी सांगितले होते अगदी तसेच. त्यांच्या तोंडून हूं की चूं निघत नसे. पुढे स्पीकरवर गाणे चालू असे. मालक मान डोलवत असत.

“कशी काय आहे गाडी, ताई?” ते आरशातून विचारत.

“झकास आहे हो तुझी गाडी,” ताई म्हणत. उतरताना मात्र क्षणभर कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. तोवर मालकांची नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेली असे.

तेव्हापासून मी एक नेम धरला. रोज सकाळी इंजिन सुरू झाले की मी देवाजवळ एवढेच मागे, आज टाकीमागचा एक तरी खड्डा चुकू दे. कधी चुके, बहुधा चुकत नसे. मला आवाज होता. पण भोंग्याला कुठे सांगता येते की मागे वळून बघा?

पाच वर्षे अशी गेली. मग एक दिवस ताई म्हणाल्या, “उद्यापासून नको येऊस. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.” मालकांनी मानले. पण आठवड्याभरात थांब्यावरच्या एकाने चिमटा काढला, “राजे, तुमच्या ताई त्या जुन्या खटाऱ्यातून जाताना दिसतात हल्ली. तुमचं सिंहासन आवडेनासं झालं वाटतं!”

मालकांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कोपऱ्यावर थांबले. आणि खरेच, ताई रंग उडालेल्या एका रिक्षेत बसल्या. ती माझ्यासारखीच, माझ्याहून जुनी. पण तिच्यावर मागचा साज होता. आम्ही मागोमाग निघालो. ती टाकीमागून गेली, तेव्हा तिचा बाक पाळण्यासारखा हलका हलला. ते मी पाहिले. मालकांनी पाहिला तो तिचा उडालेला रंग.

संध्याकाळी ते ताईंच्या दाराशी गेले. मला बंदसुद्धा केले नाही.

“माझ्या गाडीला काय काटे आलेत?”

“अरे, ती वाटेत दिसली म्हणून बसले. चहा घे, ये आत.”

“वाटेत दिसली? रोज दिसते? माझ्या गाडीत बसायची लाज वाटते म्हण ना सरळ.”

“लाज कसली रे? काहीतरीच तुझं!” ताई एवढेच म्हणाल्या. मी पाहत होते, शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी परत गिळला.

मालक माघारी फिरले, ते सात वर्षांसाठी. लग्नकार्यात समोर आले की “बरी आहेस?” “बरी आहे.” बस्स, एवढेच. ज्या हातांनी त्यांना भरवले होते, त्या हातांकडे त्यांनी सात वर्षे नीट पाहिले नाही. आणि ज्या गोष्टीमुळे हे झाले ती तर मीच, त्यांच्या दाराशी रोज उभी!

दरम्यान माझे आरसे डागळले. निळ्या दिव्यांपैकी एक गेला, तो कुणी बदलला नाही. स्पीकर खरखरू लागला, मग मुका झाला. मालकांची लेक मोठी झाली. एकोणिसाव्या वर्षी तिने परवाना काढला. बापाहून बेताने चालवते, मला फार जपते. तिच्या हाती मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटते.

मागच्या महिन्यात मालक घसरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. काल प्लास्टर काढायला जायचे होते. ते सवयीने पुढे चढू लागले.

“बाबा, मागं,” लेक म्हणाली. “गिऱ्हाईकं तिथंच बसतात.”

“मी काय गिऱ्हाईक आहे?”

“आज आहात. आणि पुढं बसलात तर मला ब्रेक कुठं लावायचा ते शिकवत बसाल.”

ते पुटपुटत मागे बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा. दवाखान्यात प्लास्टर निघाले, हातात काठी आली. परत येताना लेकीने टाकीमागचा रस्ता धरला. पहिलाच खड्डा आला. मालक वर उडाले आणि खाली आदळले. त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघाले.

“अगं, हळू! जीव घेतेस का?”

“बाबा, पंधरानं चाललेय.”

“मग एवढी का आपटतेय?”

“नेहमीच आपटते. मागं एकटं माणूस असलं की जास्तच.”

आणखी एक खड्डा गेला. मालकांनी दोन्ही हातांनी दांडी धरली.

“ताई कुठं बसायची गं?”

“इथंच. तुम्ही बसलाय तिथं. खाली शाल घालून.”

“तुला ठाऊक होतं?”

लेकीने गाडी कडेला घेतली. मागे वळली. “सगळ्यांना ठाऊक होतं, बाबा. आईला, मला. आत्यानं आम्हाला शपथ घातली होती. म्हणाली, त्यानं हौसेनं घेतलीय, त्याच्या कानावर घालायचं नाही.”

मालक बाकाकडे पाहत राहिले. नंतर हळूच म्हणाले, “तिच्याकडे घे.”

ताई दारातच बसल्या होत्या. कंबर पार वाकली होती. भावाला मागच्या बाजूने उतरताना पाहून त्या उठू लागल्या.

“ताई, मी आज मागं बसून आलो.”

ताईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. मग हसल्या. “मग? दात आहेत ना जागेवर?”

मालकांना हसता आले नाही. काठी भिंतीला टेकवून ते उंबऱ्यावरच बसले. “एकदा तरी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडी विकली असतीस. आणि निवडताना मीच म्हटलं होतं ना, मागच्यांचं काय? माझीच चूक, तुला कुठल्या तोंडानं सांगू? वाटलं, गुपचूप दुसरीनं जावं. तू एवढा रागावशील असं नव्हतं वाटलं.”

“उद्याच शॉकअप बदलतो. जाड बाक टाकतो. मग रोज नेतो तुला.”

“नको रे.” ताईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “आता कुठल्याच गाडीत बसायचं नाही, डॉक्टरांनी बंदच केलंय. कारखाना सुटला. सकाळी तेवढं बागेच्या फाटकापर्यंत चालते. भिंतीला धरून धरून.”

“एकटी?”

“मग काय, बँड लावू?”

मालकांनी डोळे पुसले. “उद्यापासून मी येतो. सहा वाजता. चालत.”

“तुझा पाय बघ आधी.”

“तुझी कंबर, माझा पाय. दोघं मिळून एक धड माणूस होईल.”

“बघू,” ताई म्हणाल्या. सात वर्षे वाट पाहिलेले माणूस जसे म्हणते, तसेच.

मित्रांनो, लेक म्हणते, पुढच्या आठवड्यात माझे मागचे शॉकअप बदलणार. उशीर झाला तरी मी त्याला नाही म्हणणार नाही. माझ्या बाकावर बसणारी अजून कितीतरी हलकी माणसे आहेत. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही घरी एखादी गाडी येईल. माझ्यासारखी येवो की आणखी कसली, ती चमकते कशी ते जरूर बघा. पण ज्यांना तुम्ही तिच्यात बसवणार, त्यांच्या जागी एकदा तरी बसा. आणि कुणी “झकास आहे” म्हणाले, तर त्यांचा उतरतानाचा चेहराही बघा. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना ते सांगता येत नाही. प्रेमाच्या माणसांनाही पुष्कळदा येत नाही.

आज सकाळी सहाला अजून दहा मिनिटे होती. दाराची कडी आवाज न करता निघाली. मालक बाहेर आले. लेक आतून म्हणाली, “बाबा, सोडू का?” त्यांनी नुसती नको म्हणून मान हलवली. काठी आधी टेकवली, मग दुखरा पाय. माझ्या अंगावर दव होते. त्यावरून हात फिरवून ते पुढे गेले आणि गल्लीच्या वळणाकडे एकेक पाऊल टाकत चालू लागले.