काळ्या चष्म्याआडचं दुखणं

थोरल्या जाऊबाई दुकानात काळा चष्मा लावून शिवायला बसल्या, तेव्हा धाकटीला आधी हसूच आलं. कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं ते. मशीन धाकटीचं, हातशिलाई थोरलीची. डोळे आलेत, एवढंच थोरली म्हणाली. त्या चष्म्यापायी तिने निळ्या पँटची पट्टी काळ्या दोऱ्याने शिवली, गिऱ्हाइकाचं ऐकून घेतलं, पण चष्मा काही उतरवला नाही.

मग बाकीचंही धाकटीच्या ध्यानात येऊ लागलं. थोरली अर्ध्या जेवणावरून उठायची, उजव्या बरगडीखाली हात दाबून धरायची, दंड खाजवत राहायची. विचारलं की पित्ताचं नाव सांगून उडवून लावायची.

एका सकाळी दुकान उघडताच थोरलीला हुडहुडी भरली. टेबलाला धरून ती खालीच बसली. धाकटीने तिला सावरलं आणि न विचारता चष्मा काढला. डोळे पिवळेजर्द झाले होते.

"डॉक्टरकडे नको नेऊस," थोरली म्हणाली. "ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. पुढचं ठाऊक आहे मला."

थोरले दीर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले होते. धाकटीने दुकानाला कुलूप घातलं आणि समोरून जाणारी गाडी थांबवली.

डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं. आधी पोट दुखलं की आधी डोळे पिवळे झाले, लघवीचा रंग कसा, कुठली गोळी किंवा कुणी दिलेलं चूर्ण घेतलं का. दारूचं विचारल्यावर थोरलीने असं काही पाहिलं की बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या. नवऱ्याच्या आजाराचंही त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कावीळ ही नुसती खूण असते. यकृताला सूज आली, औषध बाधलं, पित्ताच्या वाटेत खडा अडकला किंवा गाठ आली, कशानेही ती होते. नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. पण दुखणं, ताप आणि कावीळ एकत्र असताना घरी थांबायचं नसतं.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. त्यातलाच एक घसरून पित्तनलिकेत अडकला होता आणि तिथे जंतुसंसर्ग झाला होता. सलाईन आणि प्रतिजैविकं लगेच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तोंडावाटे दुर्बीण घालून तो खडा काढला. गाठबीठ कुठेही नव्हती. पित्ताशय काढायचं छोटं ऑपरेशन मात्र पुढे करायचं ठरलं.

ताप उतरल्यावर थोरली खिडकीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडून ती बोलली.

"मी मरणाला नव्हते गं भ्याले. ह्यांच्या वेळी सगळी उस्तवार तूच केलीस. पुन्हा माझ्यासाठी तेच करत बसशील, म्हणून बोलले नाही."

धाकटी तिचे केस विंचरत होती. गुंता सोडवता सोडवता हात थांबला.

"केलंच असतं की," ती म्हणाली. "आणि तुम्ही न सांगता गेला असतात, तर मी कुणावर रागावले असते?"

थोरलीने मागे हात नेऊन धाकटीचं मनगट धरलं आणि तसंच धरून डोळे मिटले. धाकटीने मग दुसऱ्या हाताने, जमेल तशी, वेणी घालायला घेतली.